पाठमोरे काका

रत्नागिरीच्या मासळी बाजारात काका समोरून आले तर त्यांच्याकडे कोणी ढुंकूनही बघत नसे. अर्ध्या बाह्यांचा शर्ट, हातात कापडी पिशवी आणि मुळ्यांचा, म्हणजे शिंपल्यांचा, वाटा महाग का झाला याची कसून चौकशी. असे लोक त्या बाजारात पैशाला पासरी. पण खरेदी उरकून काका वळले, चालू लागले, की मागून हाक ठरलेली. "अहो, ते जागावाले काका तुम्हीच ना?" मागच्या बाजूला पोळीएवढं गोल टक्कल, त्याभोवती पांढऱ्या केसांची झालर आणि उजव्या कानावर खोचलेलं बॉलपेन. एवढं डोकं मुंबई-पुण्यापासून दुबईपर्यंतच्या लोकांनी मोबाइलवर पाहिलेलं होतं. चेहरा मात्र कोणी पाहिलेला नव्हता.

काका जागांचे एजंट होते आणि त्यांच्या पेजचे व्हिडिओ मी काढत असे, त्यामुळे या प्रकाराची साक्षीदार मीच. आमच्या पहिल्या व्हिडिओच्या वेळी मी त्यांना नीट उन्हाच्या बाजूला उभं केलं, मोबाइल धरला आणि पुण्यात शिकून आलेल्या ज्ञानाने सांगितलं, "काका, माझ्याकडे बघून बोला."

"आणि जागेकडे पाठ करू?"

"लोकांना चेहरा दिसला पाहिजे. त्याशिवाय विश्वास बसत नाही."

"मला विकायचाय काय गो? विकायचीय जागा. जिच्या जिवावर जेवायचं तिला पाठ दाखवायची नाही, बाय."

असं म्हणून ते जागेकडे तोंड करून उभे राहिले आणि बोलू लागले. मी तीनदा समोर जाऊन उभी राहिले, तीनदा त्यांनी मला बाजूला व्हायला सांगितलं, कारण मी आंब्याच्या आड येत होते. शेवटी कंटाळून पाठमोरंच शूट केलं. पुढे सगळे व्हिडिओ तसेच झाले.

नोकरी मला मिळाली तीही अशीच आडवळणाने. पुण्यातल्या एका जाहिरात कंपनीत चार वर्षं घासून मी गावी परतले होते. देवरूखजवळच्या आमच्या वाडीत आईवडील दोघंच, आणि मला आता त्यांच्या जवळपास राहायचं होतं. काकांच्या गाळ्याबाहेर पुठ्ठ्यावर लिहिलं होतं, 'फेसबुक करणारी व्यक्ती पाहिजे.' मी सर्टिफिकेटांची फाइल घेऊन आत गेले. काकांनी फाइलला हातही लावला नाही.

"गाव कुठलं? विहीर आहे?"

"आहे."

"पाणी कुठवर पुरतं?"

"मेच्या मध्यापर्यंत. मग खालच्या वाडीतून आणतो."

"उद्यापासून ये," काका म्हणाले. "बारमाही म्हणाली असतीस तर परत पाठवली असती. कोकणात विहीर बारमाही आहे म्हणून सांगणारा माणूस एकतर नशीबवान असतो नायतर एजंट."

गाळ्यात टेबल, दोन खुर्च्या, माठ आणि भिंतीवर एक कॅलेंडर होतं. कॅलेंडरचं पान मे महिन्याचं. मी रुजू झाले तो महिना ऑगस्टचा होता. नव्या माणसाचा उत्साह म्हणून मी पान बदललं, तर दुसऱ्या दिवशी परत मे. हे आठवडाभर चाललं. मग काका म्हणाले, "तारीख बघायला मोबाइल आहे तुझ्याकडे. हे जागा बघायला आहे."

जागा मे महिन्यात बघायची, हा काकांचा धर्म होता. बाकीचे सगळे एजंट ऑगस्टमध्ये ड्रोन उडवत. हिरवंगार गवत, चारी बाजूंनी धबधबे, वर संगीत. "ऑगस्टात कोकणात दगडसुद्धा हिरवा असतो," काका म्हणत. "लग्नाच्या मांडवात कोण वाईट दिसतो? सकाळी उठल्यावर तोंड कसं दिसतं ते बघून होकार द्यावा." त्यामुळे आमचं वर्षभराचं शूटिंग मेमध्ये. कातळ असा तापलेला असायचा की चपलेतून पाय भाजत. गवत जळालेलं, काजूची पानं धुळीने माखलेली, आणि काका मात्र खुशीत. "वा, काय भकास दिसतंय. घे, घे पटकन."

त्याच महिन्यात आमची बुद्ध पौर्णिमा येते. पहिल्या वर्षी मी भीतभीत सुट्टी मागितली, कारण हंगाम ऐन भरात होता. काकांनी सुट्टी दिली, वर वाडीतल्या खिरीसाठी आंब्यांची पेटी दिली आणि बजावलं, "येताना वाडीच्या विहिरीचा फोटो काढून आण. अंदाज येतो."

जागेवर गेलं की काका आधी राखणदाराला नारळ ठेवत. कोकणात प्रत्येक जागेचा एक राखणदार असतो आणि त्याला न विचारता तिथे काही करायचं नाही, अशी रीत. मी एकदा म्हटलं, "काका, आमच्यात हे नाही."

"तुला ठेवायला कोण सांगतंय? मी ठेवतो. तू खोबरं खायला आहेस."

ते काम मी चोख केलं.

काकांचा दुसरा नियम म्हणजे खोड आधी. मारका बैल विकताना तो मारका आहे हे आधी सांगायचं, दोरी हातात दिल्यावर नाही, असं त्यांचे वडील म्हणत. काका तेच जागेला लावत. व्हिडिओ सुरू झाला की पाठमोऱ्या काकांचा आवाज येई, "नमस्कार. आधी खोडी सांगतो." मग खोडींची जंत्री. रस्ता शेजाऱ्याच्या अंगणातून आहे आणि शेजारी तिरसट आहे. सातबाऱ्यावर इतकी नावं आहेत की सगळे एकत्र आले तर पंगत बसेल. पायाला खणाल तर कातळ लागेल, आणि मग देव आठवेल. आंजर्ल्याच्या एका जागेचा मालक सगळीकडे 'समुद्र दिसतो' म्हणून सांगत सुटला होता. काका व्हिडिओत म्हणाले, "समुद्र दिसतो हे खरं आहे. पण त्यासाठी ह्या फणसावर चढावं लागतं. मी चढून बघितलंय. तुम्हाला जमत असेल तर घ्या."

मालकाचा फोन आला तेव्हा काकांनी तो कानापासून हातभर लांब धरला, तरी मला सगळं ऐकू आलं. "तुम्ही विकायला बसलाय की मोडायला?" पंधरवड्यात ती जागा गेली. पुण्याचे एक निवृत्त गृहस्थ आले, म्हणाले, घर एक मजला उंच बांधीन, मग फणसाला त्रास द्यायला नको. मालक पेढे घेऊन आला. काकांनी पेढे घेतले आणि त्याला सांगितलं, "पुढच्या वेळी फणसासकट सांगा."

पण आमचं पेज खरं चाललं ते विहिरीच्या व्हिडिओमुळे. कोरड्या विहिरीवर वाकलेली काकांची पाठ आणि शांत आवाज. "ही विहीर. आत काय आहे ते मी सांगत नाही. खडा टाकतो." मग क्षणभर काही नाही, आणि खालून 'खट्'. तेवढाच व्हिडिओ. लोकांनी तो खट् आवाज उचलला आणि कुठे कुठे लावला. नवऱ्याने बायकोला विचारलं, मी सांगितलेलं लक्षात आहे ना, की लगेच खट्. नेत्याचं भाषण संपलं की खट्. काकांना मी हे दाखवलं तर त्यांना हसू आवरेना, पण विहिरीबद्दल वाईटही वाटलं. "तिची बदनामी झाली गो. पावसात भरते ती बिचारी."

मी शिकले होते त्यानुसार जो विचारणा करतो तो 'लीड'. काका त्याला पाहुणा म्हणत. सकाळी आल्या आल्या, "आज पाहुणे किती?" आणि नुसतं लाइक केलेला माणूसही त्यांच्या हिशेबी पाहुणाच. दारात येऊन गेलेल्याला पाण्याचं विचारायचं नाही का, असा त्यांचा सवाल. ते एकेका लाइकवाल्याला आवाजी निरोप पाठवत. "नमस्कार. आपण आमच्या कातळाला पसंती दिलीत. मूळ गाव कुठलं आपलं?" घाबरून निम्म्या लोकांनी आम्हाला ब्लॉक केलं. उरलेल्या निम्म्यांशी काका अर्धा अर्धा तास बोलत. एकाने कमेंटमध्ये लिहिलं, 'सगळे एजंट चोर.' काकांनी त्यालाही गाव विचारलं. संध्याकाळपर्यंत त्याच्या मामाचं घर, मामाच्या घरापुढचा माड आणि तो माड कोणाच्या हद्दीत पडला होता, सगळं निघालं. पुढच्या आंब्याच्या दिवसांत तो गृहस्थ सहकुटुंब काकांकडे जेवून गेला. जागा काही घेतली नाही.

जागा न घेणाऱ्यांमध्ये आमचा सगळ्यात जुना पाहुणा म्हणजे लोट्याचे सुपरवायझर. तिथल्या एमआयडीसीत, केमिकल कंपनीत शिफ्ट करणारे, पन्नाशीचे, अबोल गृहस्थ. आठवड्याच्या सुट्टीला बायकोला मागे बसवून मोटरसायकलवर येत. जागेवर पोचले की हेल्मेट काढत, डोळे मिटत आणि लांब श्वास घेत. तेवढंच. हद्द, भाव, रस्ता हे सगळं त्यांची बायको विचारी. ते फक्त वास घेत आणि शेवटी मान हलवत. "इथून पोल्ट्री जवळ आहे काय हो?" आणि पोल्ट्री असायचीच. आयुष्यभर कंपनीचा वास नाकात घेऊन जगलेल्या त्या माणसाला सकाळी उठून नुसती हवा हवी होती. मी त्यांचं नाव यादीतून केव्हाच काढून टाकलं होतं. काका म्हणाले, "परत घाल. बाकीचे जागा गूगलवर बघतात, हा नाकाने बघतो. पिकायचाय अजून. दाबून पिकत नाही बाय, डाग पडतो."

आता काकांच्या घराबद्दल. दिव्याखाली अंधार म्हणतात तो मी तिथे पाहिला. अख्ख्या जिल्ह्याला जागा मिळवून देणारा हा माणूस शहरात भाड्याच्या घरात राहत होता, तेही दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नसलेल्या इमारतीत. स्वतःची जागा नव्हती असं नाही. देवरूखच्या रस्त्याला एका गावाबाहेर, चढावर, त्यांची जागा होती. त्यात चिऱ्याचं छोटं घर, जे नवराबायकोने तरुणपणी स्वतः चिरे वाहून उभं केलं होतं. रातांबे, फणस, काजू, विहीर. पण तिथे जायला पाखाडी, म्हणजे चिऱ्यांच्या पायऱ्यांची चढण, आणि काकींचे गुडघे गेले. म्हणून दोघं शहरात आली. दर रविवारी काका एकटे तिथे जाऊन झाडलोट करून येत.

एक दिवस काका साइटवर गेलेले असताना काकी गाळ्यात आल्या. दाराची एकच पायरी, पण ती चढायला त्यांना भिंत धरावी लागली. मी खुर्ची दिली, पाणी दिलं. दम गेल्यावर त्यांनी विचारलं,

"बाय, आमची जागा पेजवर टाकली काय गो ह्यांनी?"

"तुमची जागा? नाही. विकताय?"

"मग. तळमजल्यावरची एक जागा बघून ठेवलीय आम्ही. दोन खोल्या, पुढे एवढंसं अंगण. मालक ओळखीचा, मे अखेरपर्यंत थांबतो म्हणालाय. गावची जागा गेली तर ती होते. पण हे विकतील तर शपथ."

"गिऱ्हाईक नाही आलं?"

"आली की. ओळखीतून दोघं-तिघं येऊन गेली. हे त्यांना एवढ्या खोडी सांगतात की माणूस चहा न घेता पळतो. परवा एकाला म्हणाले, माकडं घरात शिरून फ्रिज उघडतात. अगो, तिथे फ्रिज कधी नव्हताच."

मला हसू आलं आणि लगेच गेलं. खोडी सांगण्यात ज्यांची हयात गेली ते काका पहिल्यांदा खोटं बोलले होते, आणि तेही स्वतःच्या जागेविरुद्ध.

"मला काय ती जागा नकोशी झालीय?" काकी म्हणाल्या. "माझेही हात सोललेत तिथे. पण मला दारात आलेल्या भाजीवालीशी बोलायचंय गो. चार पावलं चालायचंय. दोन महिन्यांनी आज खाली उतरले, ती तुला भेटायला." त्यांचे डोळे भरले होते. माझेही भरले.

काका आल्यावर मी एकच शब्द विचारला. "फ्रिज?"

त्यांनी कानावरचं पेन काढलं, परत लावलं. मग मे महिन्याच्या कॅलेंडरकडे बघितलं. त्या वेळी खरोखरच मे चालू होता.

"उद्या सकाळी निघू," ते म्हणाले. "मोबाइल चार्ज करून आण."

दुसऱ्या दिवशी आम्ही पाखाडी चढून वर गेलो. काकांनी नारळ ठेवला, मी खोबरं खाल्लं. मग ते नेहमीसारखे घराकडे तोंड करून उभे राहिले. मी मोबाइल धरला.

"नमस्कार. ही जागा..."

आणि थांबले. परत सुरू केलं, परत थांबले. असं किती वेळा झालं कोण जाणे. मी हात खाली घेणार, तेवढ्यात काका वळले. घराकडे पाठ करून, माझ्याकडे तोंड करून उभे राहिले. इतक्या वर्षांत मोबाइलच्या पडद्यावर त्यांचा चेहरा मी पहिल्यांदा पाहिला.

"आधी खोडी सांगतो. पाखाडी आहे. गाडी वर येत नाही, येणारही नाही. गुडघे धड असतील तरच या. विहिरीचं पाणी मे अखेरीला तळाला जातं. खडा टाकत नाही, आज माझ्याने व्हायचं नाही. माकडं आहेत. रातांबे ठेवत नाहीत. फ्रिज उघडत नाहीत. मोबाइलला रेंज फक्त फणसाखाली. कुलूप लावून जाणाऱ्याला जागा द्यायची नाही, राहणाऱ्याला द्यायची आहे. ह्या झाल्या खोडी." मग म्हणाले, "गुण येऊन बघा."

उतरताना मी विचारलं, "आज पाठ केलीत?"

"तिच्याकडे बघत विकता येईना गो."

व्हिडिओ टाकला. अर्ध्या तासात कमेंटांचा पाऊस, आणि सगळ्या एकाच चालीच्या. 'काका कुठे गेले?' 'हे नवीन गृहस्थ कोण?' 'माणूस सज्जन वाटतो पण काकांची मजा नाही.' 'एजन्सी दुसऱ्याला दिली का?' एका बाईंनी तर हात जोडून लिहिलं होतं, 'कृपया काकांना परत आणा.' काका एकेक वाचून हसत होते. मला मात्र रडू येत होतं, कारण जागेबद्दल एकानेही विचारलं नव्हतं, आणि महिना संपत आला होता.

दुसऱ्या दिवशी लोट्याहून फोन आला. सुपरवायझर. हा माणूस काकांना समोरून ओळखणारा.

"काका घराकडे पाठ करून बोलले," ते म्हणाले. "त्यांची स्वतःची जागा आहे काय ती?"

सुट्टीच्या दिवशी दोघं आले. वर पोचल्यावर हातातलं हेल्मेट खाली ठेवून त्यांनी डोळे मिटले. श्वास घेतला. परत घेतला. ते डोळे उघडेनातच. त्यांची बायको विहिरीत डोकावून आली, चुलीपाशी जाऊन आली, दारापुढच्या खळ्यात उभी राहिली. काकांनी खोडी सांगायला तोंड उघडलं तर ती म्हणाली, "ऐकल्यात हो सगळ्या. हे आता नोकरी सोडतायत, आम्ही क्वार्टर सोडून इथेच राहायला येणार. कुलूप नाय लावणार."

सुपरवायझरांनी डोळे उघडले. "पाखाडी आम्हाला झेपेल का, काका?"

इथे काका माकडांना परत फ्रिजपाशी आणतील अशी मला धास्ती होती. पण ते म्हणाले, "आज झेपेल. म्हातारपणी नाही झेपायची. तेव्हा माझ्यासारखं करावं लागेल."

"तोवर पुष्कळ झालं," सुपरवायझर म्हणाले.

व्यवहार झाला. किल्ली द्यायला जायचं त्या दिवशी काकी हट्टाने रिक्षातून पाखाडीच्या पायथ्यापर्यंत आल्या. वर चढणं शक्य नव्हतं, पण जागेच्या जवळ तरी असू दे म्हणाल्या. काकांनी सुपरवायझरांच्या बायकोच्या हातात किल्ली दिली, राखणदाराची जागा दाखवली, फणसाखालची रेंज दाखवली. मी रातांब्यांची पिशवी घेऊन पुढे उतरले आणि काकींजवळ जाऊन उभी राहिले. काका येईनात. वर बघितलं तर ते उलटे उतरत होते.

एक हात बाजूच्या दगडी गडग्यावर ठेवून, पायाने मागची पायरी चाचपत, तोंड घराकडे. काकींनी कपाळावर हात मारला.

"अहो, वळा आता. पडाल."

"तू बोलत राहा," वरून आवाज आला. "म्हणजे किती उरलं ते कळतं."

मग काकी बोलत राहिल्या. नव्या घराच्या अंगणात जुईचा वेल कुठे लावायचा, पडदे कुठले, भाजीवाली कुठल्या बाजूने येते, तिची कोथिंबीर कशी महाग आहे. आवाज मध्येच कापायचा, तरी त्या थांबत नव्हत्या. काका एकेक पायरी खाली येत होते. आम्हाला खालून दिसत होतं ते पोळीएवढं टक्कल, पांढरी झालर आणि कानावरचं पेन. मोबाइल माझ्या हातातच होता. मी तो धरला आणि शेवटची पायरी होईपर्यंत खाली घेतला नाही.

संध्याकाळी तो व्हिडिओ पेजवर टाकला. वर एक शब्दही लिहिला नाही. पहिली कमेंट लगेचच आली. 'आले बाबा काका परत.'